काम संपलं की माणूस बसतो

आमच्या मांगवाड्यातले बुवा उपदेश बसून करायचे. उभं राहून बोलताना मी त्यांना एकदाच पाहिलं, ते पुढं येईलच. एरवी रविवारी मिशनच्या कुडाच्या देवळात माणसं जमली की बुवा भिंतीला पाठ लावून मांडी घालायचे, खोकायचे आणि सुरू व्हायचे. नगरकडून घोड्यावर येणारे मिशनचे गोरे साहेब दर खेपेला सांगायचे, की देवाचं वचन उभं राहून सांगावं, ती रीत आहे. बुवा मान हलवायचे आणि खाली बसायचे.

"काम संपलं की माणूस बसतो, सायेब."

साहेबांना वाटायचं, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत. गुडघे उत्तम होते. बुवा चालायचे तेव्हा दर पावलाला टाच जरा जास्तच आपटायची. घुंगरं सोडून वर्षं लोटली होती, पाय विसरले नव्हते. उपदेशक होण्याआधी ते पोतराज होते.

ज्यांना पोतराज म्हणजे रस्त्यावरची करमणूक वाटते त्यांच्यासाठी सांगतो. पोतराज हा मरीआईचा पुजारी. केस वाढवायचे, कमरेला खणांच्या चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, हातात कोरडा, म्हणजे वाखाचा आसूड. बायकोच्या डोक्यावर देवीचा देव्हारा. दारोदार उभं राहायचं आणि त्या घरावर जे काही आलं असेल, रोग असो, शाप असो, पाप असो, ते कोरड्यानं स्वतःच्या पाठीवर ओढून घ्यायचं. घरातली बाई सुपातून जोंधळे वरूनच झोळीत टाकते आणि दार लावते. पाप तिचं, रक्त याचं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. या कामाला आमच्याच वाड्यातलं पोर का सोडतात, कुलकर्ण्याचं का नाही, असा सवाल मी एका पत्रकात छापला होता. छापखाना इंग्रजी हद्दीत होता म्हणून छापता आला. इकडं आमच्या मोगलाईत छापला असता तर पोलीस अमिनानं पत्रकांच्या गठ्ठ्याबरोबर मलाही उचलून नेलं असतं.

मी याच वाड्यातला. नगरच्या बोर्डिंगात शिकलो, तिथंच चार सुधारक मंडळींच्या नादी लागलो, देवळात जाणं सोडलं आणि पत्रकं घेऊन परत आलो. पोतराजाची चाल मोडणं हे माझं काम. त्यासाठी मला असा माणूस पाहिजे होता, ज्यानं ती स्वतः भोगली आणि स्वतः सोडली. असा माणूस दोन घरं सोडून राहत होता. मला वाटलं, काम सोपं आहे.

नेकनूरच्या बाजारात मी सभा लावली. बुवांना घेऊन गेलो. भाषण रंगात आलं तेव्हा म्हणालो, "बुवा, अंगरखा काढा. या लोकांना तुमची पाठ दाखवा."

बुवा खाली बसले होते, बसूनच राहिले.

"पाठ दाखवून पोट भरायचं सोडून लई दिस झाले बे," ते म्हणाले. "तू धर घागरा, मी ढोलकं वाजवतो."

लोक हसले. सभा तिथंच उठली. मला आजही वाटतं, की त्यांनी पाठ दाखवायला हवी होती. पुराव्याशिवाय आपल्याकडे कुणी ऐकत नाही.

त्याच बाजारात कधीकाळी बुवांचं आयुष्य पालटलं होतं. ते आपला खेळ संपवून लिंबाखाली उभे होते. उभे, कारण पोतराजाला कुणी बस म्हणत नाही, ना कुणाच्या ओट्यावर, ना चावडीवर, ना चहाच्या टपरीवर. बाजूला एक उपदेशक चार माणसांना शास्त्र वाचून दाखवत होता. पूर्वी यहुदी लोकांचे याजक असत, ते रोज उभे राहून तेच तेच बळी देत, आणि पाप काही जात नसे. मग देवाचा पुत्र, हा एक आला. त्यानं एकदाच स्वतःला दिलं आणि देवाशेजारी जाऊन बसला.

बुवांनी कोरडा खांद्यावर टाकला आणि पुढं होऊन विचारलं, "काय केलं म्हनलात?"

"स्वतःला अर्पण केलं."

"त्ये न्हाई. त्याच्या म्होरं."

"बसला."

"पुजारी आन बसला?"

"बसला."

बुवा मला हे सांगायचे तेव्हा इथं थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. समोरच्याला कळलं की नाही ते तपासायचे. "पोरा, आमचा बाप उभा मेला. आज्या उभा मेला. पुजारी बसतोय हे म्या जिंदगीत ऐकलं नव्हतं. म्हनलं, ह्याचं काम खरंच संपलं आसंल."

त्या बाजारातून घरी जाताना त्यांनी केस कापले. डोक्यावरचा देव्हारा उतरव म्हणून बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, आधी विचारलं असतं तर सकाळीच उतरवला असता. तिला आम्ही मावशी म्हणायचो. देव्हाऱ्याच्या ओझ्यानं तिची मान कायमची एका अंगाला कलली होती. नवऱ्याच्या शास्त्राबद्दल तिचं मत असं, की ते बरं आहे, पण घरात लागू करू नये. "काम संपलं म्हनं," ती म्हणायची. "सरपन आनायचं संपलं का, येवढं इचारा त्यान्ला."

मी बुवांशी वाद घालायचो. मिशनवाल्यांचं हे प्रायश्चित्ताचं गणित मला कधी पटलं नाही. त्यांना म्हणालो, "बुवा, एकाच्या पापासाठी दुसऱ्यानं रक्त सांडावं, हा कुठला न्याय? मी पोतराजाविरुद्ध लिहितो ते हेच लिहितो. तुमी एक पोतराज सोडला आन दुसरा धरला."

मला वाटलं, चिडतील. ते खूश झाले.

"ह्योच सवाल म्या पाटलाला इचारायला पायजे व्हता. इतकी वरीसं कावून इचारला न्हाई?" मग वाखाची गुंडी मांडीवर घेऊन दोर वळू लागले. हात चालला की डोकं चालतं, असं त्यांचं होतं. "हे बघ. यहुद्यांचा मोठा याजक वरसातून एक डाव पडद्याआड जायचा. दोन बकरी. एक कापायचं, आन दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठिवून सगळ्या गावाचं पाप त्याच्यावर घालून त्याला रानात हाकलायचं. म्हंजी त्यांचाबी गाडाच व्हता, आपन मरीआईचा रोगराईत शिवंभाईर हाकतो तसा. वरसाला. आता वरसाला म्हंजी काय? म्हंजी झालंच न्हाई. झालं आसतं तर पुढल्या वरसी कशाला? आन त्यो याजक तरी कोन? त्याला आदी सोताच्या पापाचं द्यावं लागायचं, मंग लोकांचं. माझ्यासारकाच की. हात पुजाऱ्याचा, मान बकऱ्याची. ह्यानं काय केलं? मान सोताचीच दिली."

"दिली तरी रक्तच ना."

"धरून आनून मारलं तर जुलूम. मला पाच वरसाचा आसताना धरून आनला, त्यो जुलूम. पर कुनी आपल्या पायानं आला, आन जाताना म्हनला, आता ह्याच्याफुडं कुनाला आनू नका, तर? त्याला काय म्हनशील?"

मी म्हणालो, मी मानत नाही. ते म्हणाले, मानू नको, पण कुणाला आणूही नको. आणि दोर वळत राहिले.

त्यांचा सगळा उपदेश या एका गोष्टीवर चालायचा. देणं देऊन झालं. आता कुणी कुणासाठी उभं राहायचं नाही. वाड्यातलं एखादं लेकरू गेलं आणि आई म्हणाली, आमचंच काही पाप आडवं आलं, की ते तिच्याशेजारी बसायचे आणि म्हणायचे, "तुझ्या पापाला येवढी किंमत हाय व्हय? तुझ्याकडं हाय तरी काय, चार शिव्या आन येक भांडन." बाई रडता रडता त्यांच्यावर उखडायची. तेच त्यांना पाहिजे असायचं. कुणी उपास धरला की ते त्याच्यासमोर भाकरी खायचे. प्रार्थनेनंतर कुणी पायली जोंधळे आणले तर परत द्यायचे. "म्या घेतलं की तुला वाटंल फिटलं." मावशी त्या जोंधळ्यांकडे बघत राहायची.

आणि सगळ्यांची मात्र एकच खटपट, या माणसाला पुन्हा उभं करायची.

पाटलानं पहिल्यांदा करून पाहिलं. गुरांना रोग आला होता, पोतराज पाहिजे होता. बुवांना चावडीवर बोलावलं. मीही गेलतो. बुवा पायऱ्यांच्या खाली, धुळीत, पण बसले. मांगानं चावडीसमोर बसायचं नसतं हे सांगायला नकोच.

"उठ," पाटील म्हणाले.

"उठतो, मायबाप. काम सांगा."

"काम माहीत हाय तुला. कोरडा घे."

"त्ये काम संपलं."

"कुनी संपवलं? आमी तर काई सांगितलं न्हाई."

चावडीवरचे हसले. बुवाही हसले. उठले मात्र नाहीत. पाटलानं त्या साली आख्ख्या वाड्याचं बलुतं बंद केलं. जोंधळा नाही, कडबा नाही. लोक बुवांना शिव्या देत होते आणि मी पाटलाला. माझ्या मते हे बंड होतं, अन्यायाविरुद्ध ठाण मांडणं होतं, आणि तसं मी छापलंही. बुवांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "बंड न्हाई बे. पाय दुखत व्हते जलमाचे."

मोटेचे नाडे तुटायला लागले आणि आमच्या वाड्याशिवाय दोर वळणारं कुणी नव्हतं, तेव्हा बलुतं पुन्हा सुरू झालं.

मग पटकी आली. शेजारच्या गावात माणसं पडू लागली आणि त्यांनी रीतीप्रमाणे मरीआईचा गाडा काढला. सुतारानं केलेली हातभर लाकडी गाडी. तिच्यात देवी, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभात. ती हाकत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडायची. त्या गावानं ती पुढच्या शिवेवर सोडायची. रोग असा पुढं पुढं जातो, म्हणतात. शिवेपार कोण राहतं याची चौकशी कुणी करत नाही. हाकायचं काम अर्थातच मांगवाड्याचं.

सकाळी गाडा आमच्या ओढ्यापाशी उभा होता. पाटलाचा माणूस आला, उचला म्हणाला. वाड्यातले चौघं तयार झाले. त्यांच्या आधी बुवा टाच आपटत गेले आणि गाड्याला टेकून बसले.

"उठा, बुवा. गाव मरंल," पाटलाचा माणूस म्हणाला.

"फुडच्या शिवंलाबी मानसंच राहत्यात."

"पाटलाचा हुकूम हाय. हितं येक जरी पडला तरी वाडा जाळीन म्हनलेत."

वाड्यातल्या चौघांनी हात जोडले. लेकराबाळांची आण घातली. बुवांचा चेहरा पडला, पण ते हलले नाहीत. शेवटी दुपारी गाडा स्वतःच ओढून त्यांनी आपल्या अंगणात आणला. वाड्यातल्या बायकांनी त्या बाजूची दारं लावून घेतली.

आमच्या गावात पटकी आली नाही. पाणी उकळून प्या म्हणून मी घरोघर ओरडत हिंडत होतो, चावडीच्या आडात औषध टाकून घेतलं होतं. पाणी उकळलं मी, नाव झालं बुवांचं. बुवा म्हणायचे, नाव दोघांचंही नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पंचक्रोशीत बातमी गेली, की अमक्या गावात एक म्हातारा आहे, तो गाडा ठेवून घेतो आणि त्याला काही होत नाही.

मग गाडे यायला लागले. कुंपणाबाहेर सोडायचे आणि पळायचे. बरोबर नारळ, खण, जोंधळे. अंगणात गाड्यांची रांग लागली. देवळात येणारी आमची माणसंसुद्धा बदलली. एकानं मला सांगितलं, "आता कशाला पार्थना? बुवा हायेत की." मावशीनं नारळ एका बाजूला रचले. परत घ्यायला कुणी थांबत नव्हतं, म्हणून धान्य तिनं घरात घेतलं. एका संध्याकाळी बुवा अंगणाकडे बघत मला म्हणाले, "बघितलंस का? मांडी घालून बसलोय, तरी उभाच हाय म्या."

साहेब आले, त्यांनी ती देवींची रांग पाहिली आणि घोड्यावरून उतरलेच नाहीत. मूर्तिपूजा म्हणाले. बुवांना प्रभुभोजनातून काही काळ बाद केलं, भाकरी-द्राक्षारसाच्या वेळी दाराशी मागं बसायचं. बुवांनी शिक्षा मान्य केली. बसायचीच होती म्हणा ती.

आणि मग बुवा पडले. पटकीच होती. ओकाऱ्या, ढाळ, डोळे खोल. मी त्यांच्या उशाशी उकळलेलं पाणी आणि मिठाची पेज घेऊन बसलो होतो. कुंपणाबाहेर दोन-तीन गावांची माणसं येऊन थांबली होती. ती रडत नव्हती. वाट बघत होती. सगळ्या गाड्यांतलं आता म्हाताऱ्यावर उतरलं, म्हातारा गेला की फिटलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. खोटं कशाला बोलू, नगरच्या आमच्या मंडळींचाही आधीच निरोप आला होता, की बुवांचं काही बरंवाईट झालंच तर खास पत्रक काढायचं.

बुवांनी डोळे उघडले. "तुला लिव्हायचा नाद हाय. म्या मेलो तर काय लिव्हशील?"

"बुवा, पेज घ्या."

"खरं सांग."

"लिहीन, की लोकांसाठी मेले."

"मंग म्या मरत न्हाई," ते म्हणाले आणि पेज प्यायले. थोड्या वेळानं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. "ओढ्याचं पानी पेलो. तहान लागलती, आन तुझं उकळल्यालं संपलतं. येवढंच लिव्ह. माझ्या मरनानं कुनाचं फिटलं आसं झालं, तर फुडच्या डावाला ह्यान्ला दुसरा कुनीतरी लागंल. आपल्याच वाड्यातलं लेकरू धरत्याल. केस वाढवत्याल त्याचे. माझं मरन कुनाच्या नावावर लावू दिऊ नको."

मी कबूल झालो. मग ते मेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ढाळ थांबले, चार दिवसांनी त्यांनी मावशीला भाकरी मागितली. कुंपणाबाहेरच्या लोकांची फार निराशा झाली. देवीनंच याला टाकून दिलं, असं कुणी म्हणालं.

पुढच्या मंगळवारी ती माणसं पुन्हा आली, नारळ घेऊन. बुवा काठी टेकत बाहेर आले आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. मी सांगितलं होतं, एकदाच पाहिलं, ते हेच. मी बाज पुढं केली, ती त्यांनी काठीनं सारली.

"आज उभा हाय. बघून घ्या," ते म्हणाले. "तुमी मला उभं केलंत. ह्या गाड्यातलं काई माझ्यावर आलं न्हाई. आजारी पडलो त्यो पान्यानं. बरा झालो त्यो पेजंनं. ज्ये न्यायचं व्हतं ते येकानं नेलं. जाऊन बसला त्यो. आता कुनी लागत न्हाई. म्या तर न्हाईच न्हाई."

मग त्यांनी कुऱ्हाड मागितली. दोन घाव त्यांनी घातले, दम लागला, बाकीचे गाडे मी फोडले. मावशीनं तुकडे गोळा केले, चुलीत घातले आणि तवा ठेवला. लाकूड चांगलं वाळलेलं होतं, भराभर पेटलं. कुंपणाबाहेरचे लोक दोन पावलं मागं सरले. तिनं भाकरी भाजली, बुवा बाजेवर नाही, जमिनीवर बसले, आणि खायला लागले. मीही खाल्ली. इतर भाकरीसारखीच होती.

"आरं पर मंग आमचं गाऱ्हानं न्यायचं कुनाकडं?" कुंपणापलीकडून एका कुणबी बाईनं विचारलं. तिचा घरधनी गेला होता, ते तिच्या कपाळावरून दिसत होतं.

"बसून सांग, बाई," बुवा तोंडातला घास गिळून म्हणाले. "त्यो बसल्यालाच हाय. घाई न्हाई त्याला."

ती बाई कुंपणाआत आली आणि मांगवाड्याच्या जमिनीवर बसली. बाकीचे उभे राहिले, मग एकेक करून निघून गेले. त्यानंतर आमच्या ओढ्यावर गाडा आला नाही. इतर शिवांवर फिरत असतील. मी पत्रकं काढतोच आहे.

गेल्या साली सीताफळं संपता संपता बुवा गेले. पटकी नव्हती, ताप नव्हता, गावात कुठलाच रोग नव्हता. दुपारी भाकरी खाल्ली, देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसले, आणि मावशी ताट न्यायला आली तेव्हा गेले होते.

मातीला माणसं आली. गाडे पाठवणाऱ्या गावांतलीही काही आली, कुंपणाबाहेर थांबली. त्यांच्यातला एक म्हातारा धीर करून पुढं झाला आणि मावशीला हळूच म्हणाला, "बाई, यंदा तर कुटं काईच न्हाई. मंग कुनासाठी गेले बुवा?"

मावशीनं कललेली मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"कुनासाठी न्हाई," ती म्हणाली. "म्हातारे झालते."